दादाच्या गाडीचा पंप

मिस्त्रीने गाडीचा पाण्याचा पंप बाहेर काढून फडक्यावर ठेवला आणि त्याचा दांडा दोन बोटांत धरून हलवला. दांडा पडायला आलेल्या दातासारखा डुलला.

"सील फाटलंय, बेअरिंगही गेलंय. सगळं पाणी ह्यातूनच गळलं त्या दिवशी. ह्यात आता जीव नाही, साहेब. दुसरा बघा."

धाकट्याने मान हलवली. साठी उलटली तरी दादाच्या लेखी तो धाकटाच राहिला होता. उभी हयात त्याने जमीनमोजणीच्या खात्यात काढली. 'अंदाजे' हा शब्द त्याला शिवीसारखा लागे. गाडी दादाची होती, पन्नास वर्षांची, फुगीर गालांची, फिक्या हिरव्या रंगाची. दादा गेल्यापासून तीन वर्षं ती मिस्त्रीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाली, "भावजी, एकदा सुरू तरी करून द्या तिला. यांनी पोटच्या पोरीसारखी जपली होती. अशी गंजताना बघवत नाही."

म्हणून तो आला होता. उठताना त्याने आधारासाठी रेडिएटरवर हात टेकला आणि चटकन मागे घेतला.

"इंजिन चालू केलं होतंस?"

"पंपाशिवाय? आणि बॅटरी कुठंय?" मिस्त्री हसला. मग त्यानेही हात लावून पाहिला आणि त्याचं हसू मावळलं. "पत्रा तापतो दुपारचा. त्याची धग असेल."

धाकट्याला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. कारण शेजारचं बॉनेट गार होतं.

दुसऱ्या दिवशी तो थर्मामीटर घेऊन आला. बारा चाळीसपर्यंत रेडिएटर शेडमधल्या हवेइतकाच गार होता. मग पारा चढू लागला. आत पाण्याचा थेंब नव्हता, तरी तापल्या पाण्याचा आणि गंजाचा वास येत होता. दुपारभर हात लावायची सोय नव्हती. बरोब्बर चारला धग ओसरली, कोणी फुंकर घालून दिवा विझवावा तशी.

तीन दिवस तेच. त्याने सगळं वहीत उतरवलं. मिस्त्रीने वहीत डोकावून पाहिलं, पण विचारलं काही नाही.

विचारलं असतं तर धाकट्याला सांगावं लागलं असतं. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी दादाचे दोन फोन आले होते. पहिला सकाळी, सुट्या भागांच्या दुकानातून. "अरे, पंप घ्यायचाय. एक नवा आहे, चकचकीत. दुसरा जुनाच, पण मूळ कंपनीचा, नवीन सील घातलेला. तू मापं काढणारा माणूस, तू सांग. कुठला घेऊ?" समोर नकाशे पसरलेले होते, साहेब डोक्यावर उभा होता. धाकटा म्हणाला, "कुठलाही घे ना दादा, काय फरक पडतो!"

दुसरा फोन बारा चाळीसला. गाडी तापून वळणावर बंद पडली होती. दादा त्याच्याकडेच जेवायला निघाला होता. "येतोस का न्यायला? ऊन फार आहे रे." धाकटा म्हणाला, "कामात आहे. जरा थांब, येतो."

तो चारला पोहोचला. दादा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, दोन तास तरी झाले असतील.

सुट्या भागांच्या दुकानात त्याने दोन पंप काउंटरवर मांडून घेतले आणि खिशातून मोजायचं कॅलिपर काढलं. नव्या पंपाची पाती दोन मिलिमीटरने आखूड होती. दिसायला देखणा, पण सावकाश चालीत, चढावर, पाणी पुरेसं ढकलणार नाही. जुन्याचं बीड जड, पाती भरदार. दांडा फिरवला तर आवाज नाही, हलवला तर खुट्ट नाही.

"हा," तो म्हणाला.

दुकानदार म्हातारा होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "ह्या गाडीवाले एक गृहस्थ यायचे. मी त्यांना हाच पंप देत होतो, हाच. त्यांच्याही मनात हाच होता. पण फोनवर कुणाला तरी विचारलं त्यांनी. काय उत्तर आलं कोण जाणे, चेहराच पडला. म्हणाले, द्या कुठलाही. मी पोराबाळांचा धनी, दुकान चालवायचं, नवा होता तो दिला, त्यांनी इथंच दारात लगेच बसवून घेतला. हा तेव्हापासून पडून आहे. तुमच्या ओळखीचे का ते?"

धाकट्याने पैसे काउंटरवर ठेवले. त्याने पंप छातीशी धरून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने तो बसवला, पाणी भरलं. बारा चाळीस झाले. एक वाजला. रेडिएटर गार. धाकटा स्टुलावर बसून राहिला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला मात्र एवढंच वाटलं, की हे करायला एक सकाळ पुरली असती.

"साहेब," मिस्त्री गाडीत डोकावून म्हणाला, "हा मीटरचा आकडा बघा. मी सकाळी लिहून घेतला होता. अकरा किलोमीटर वाढलेत."

गाडी लाकडी ठोकळ्यांवर होती. चारही चाकं काढून टायरवाल्याकडे पाठवलेली होती.

"चुकीचा लिहिला असशील."

"असेन," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने स्वतः आकडा लिहिला. दुपारी सव्वा वाजता पुन्हा अकरा वाढलेले. तिसऱ्या दिवशी तो काचेला नाक लावून बसला. आकडे फिरताना दिसले नाहीत. तो एकदा शिंकला, डोळे उघडले, तेव्हा अकरा वाढले होते.

तेहतीस.

त्याला नकाशा उघडायची गरज नव्हती. त्या वळणापासून त्याच्या दारापर्यंतचं अंतर त्याने तीन वर्षांत कितीदा तरी मोजलं होतं. छत्तीस किलोमीटर. पाऊण तासाचा रस्ता.

"उद्या मी येत नाही," तो म्हणाला. "घरीच थांबतो. सव्वा वाजता मला फोन कर."

मिस्त्रीने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला. "करतो."

चौथ्या दिवशी त्याने फाटक सताड उघडं ठेवलं. बायकोला म्हणाला, कोणीतरी जेवायला येणार आहे. कोण ते तिने दोनदा विचारलं, मग त्याच्याकडे पाहून विचारायचं सोडलं. तिने तिसरं ताट घेतलं.

एक वाजला.

रस्त्यावर कोणी नव्हतं. फाटकावर ऊन पडलं होतं.

एक दहा.

फोन वाजला. पाच मिनिटं लवकर.

"साहेब, आज तीनच वाढले. मग आकडा थांबला." मिस्त्रीचा श्वास ऐकू येत होता. "आणि अजून एक. मी इकडे लांब भिंतीशी उभा आहे, शपथेवर सांगतो, हात लावलेला नाही."

"बोल."

"ड्रायव्हरच्या बाजूचं दार आत्ता उघडलं. कोणी उतरावं तसं. आणि मग हळूच लागलं."