दम कोणाला लागला

छातीवर वायरी लावून हृदयाची रेघ कागदावर काढायची, हे माझं रोजचं काम. रेघ विचित्र आली की मी आधी स्वतःवर संशय घेते. डाव्या हाताची वायर उजव्याला लागली, तर धडधाकट माणूसही कागदावर आजारी दिसतो. त्यामुळे आमच्या खोलीत चमत्कार हा शब्द कोणी काढत नाही. आधी वायरी बघायच्या.

माझा थोरला भाऊ घरसामान हलवण्याच्या कामाला आहे. कपाटं, पलंग, लोखंडी तिजोऱ्या पाठीवर घेऊन जिने चढायचे. चाळिशी उलटली तसा गडी थकायला लागला, आणि मुकादमाने त्याला कसल्याशा गोळ्या दिल्या. मग दुपारी बाकीचे भिंतीला टेकले की दादा विचारायचा, पुढचं काय उचलायचं? मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. चांगलं फैलावर घेतलं त्याला. म्हटलं, अरे, पायाचा स्नायू असल्या गोळीने जोरात ओढतो आणि दमल्याचं कळवत नाही. पण पायांना निदान संध्याकाळी बसता तरी येतं. हृदयही स्नायूच आहे, त्याला बसायची सोय नाही. त्याचे ठोके आधी वाढतात, मग चुकतात. दादा हसायला लागला. पण वहिनीने डोळे वटारले तसा निमूट तपासायला आला.

अशी सुरेख रेघ मी शाळकरी पोरांचीच बघितली होती. खोटं कशाला बोलू, मी जरा खट्टूच झाले. एवढं भांडून आणलं आणि हा ठणठणीत. वहिनी बाकावर पोटऱ्या दाबत बसली होती. ती घरी कपडे शिवते. म्हणाली, हल्ली पोटऱ्यांत गोळे येतात, बसल्या जागी छाती धडधडते, वय झालं असेल. म्हटलं, आलीच आहेस तर झोप.

कागद सरकायला लागला. ठोके एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि मध्येच एखादा गायब होत होता. मी वायरी काढून परत लावल्या, शेजारचं यंत्र आणलं. रेघ तीच.

डॉक्टरबाईंनी दोघांचं रक्त तपासायला पाठवलं. गोळीतलं औषध सापडलं ते वहिनीच्या रक्तात. दादाच्या रक्तात टिपूसही नाही. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार म्हणून मी तपासणाऱ्यांशी भांडले, मग स्वतः रक्त काढलं, स्वतः चिठ्ठ्या चिकटवल्या. पुन्हा तेच. वहिनी साधा चहासुद्धा घेत नाही. दादाने मात्र त्या सकाळीही गोळी घेतली होती, तसं त्यानेच कबूल केलं.

डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. एवढंच म्हणाल्या, की वहिनीच्या हृदयाला आणखी ताण झेपणार नाही.

रक्ताचं मी दादाला सांगितलं नाही. काय सांगणार, मलाच पटत नव्हतं. वहिनीचं हृदय नाजूक झालंय, तिला तुझा घोर नको, गोळ्या सोड, एवढंच म्हटलं. त्याने माझ्यासमोर सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. डोळे भरून आले होते त्याचे. "तिला काही झालं तर मी ओझी कोणासाठी वाहू गं?"

दादा त्यानंतर पार गळून गेला. जेवताजेवता डुलक्या घ्यायचा, रात्री कण्हायचा. वहिनीच्या गालांवर मात्र रंग आला. मला हायसं वाटलं.

परवा दुपारी ती तपासायला एकटीच आली. यंत्राच्या पडद्यावर तिची रेघ शांत चालली होती. ती मला माझ्या वाळलेल्या अंगावरून रागे भरत होती आणि मी ऐकून घेत होते.

बोलताबोलता ती थांबली. रेघ उसळली होती.

मी तणतणत दादाला फोन लावला. पुन्हा घेतलीस ना?

"तुझ्या वहिनीची शपथ, नाही," तो म्हणाला. "जिन्यात आहे, पाठीवर तिजोरी आहे. पण गंमत सांगू? आता गोळी लागतच नाही. कालपासून दमच लागत नाही बघ."

"दादा, खाली ठेव. आत्ताच्या आत्ता."

तो कुरकुरला. फोनमध्ये जड काहीतरी टेकल्याचा आवाज आला.

पडद्यावरची रेघ हळूहळू निवली.

वहिनीला रेघ वाचता येत नाही. तरी तिने पडद्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं, आणि फोनवर तळहात दाबून धरला.

"ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "रात्रभर कण्हायचे गं, ऐकवत नव्हतं मला. काल पहिल्यांदा नीट झोपले. आधी वर पोचू देत."

मी तिच्या हाताखालून फोन हिसकावला. दादा, दादा, म्हणून ओरडले.

त्याने चालू फोन तसाच खिशात टाकून तिजोरी पुन्हा उचलली होती. पायऱ्यांवर पावलं वाजायला लागली.

चादरीखाली वहिनीच्या पोटऱ्या ताठ होत होत्या. डावी, मग उजवी, मग डावी.

दादा मजेत गुणगुणत होता. त्याला जरासुद्धा दम लागला नव्हता.