माई, झालं

भावाने लेकीच्या खोलीच्या दाराला शेवटचा स्क्रू पिळला, कडी दोनदा सरकवून पाहिली, आणि मागे उभ्या असलेल्या बहिणीच्या नजरेला नजर न देता हत्यारं डब्यात भरली. नवी कोरी कडी… तीही आतल्या बाजूने! कोणासाठी बसवली ते घरातल्या पालीलासुद्धा ठाऊक होतं. माईसाठी. आई गेल्यावर जिने या भावाला कडेवर वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न ‘उद्या बघू, परवा बघू’ करत पार विसरून टाकलं, आणि कंबर वाकायला आली तरी त्याच्या लेकीलाही त्याच कडेवर घेतलं, त्या माईला बाहेर ठेवायला आता कडी आली होती.

ती लेक म्हणजे भिंगरी. एका जागी दोन मिनिटं टेकली तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघायचे. माईच्या शिलाई मशीनखाली चिंध्यांत लोळत मोठी झालेली ही पोर, तिला कापडाचंच शास्त्र शिकायचं होतं, तेही थेट चीनमध्ये. पण तिकडच्या कॉलेजात सगळं चिनीतून शिकवतात. आधी भाषेची चौथी पातळी पास व्हा, मग म्हणे तुमची तोंडी परीक्षा घेऊन कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवू. अगदी खालचा वर्ग मिळाला तर जागा दुसऱ्याला.

पहिल्या खेपेला भिंगरी ऐकण्याच्या पेपरात आपटली. त्या रात्री जेवताना भावजय सहज म्हणाली, म्हणजे सहज म्हटल्यासारखं दाखवून म्हणाली, की या घरात मशीनची घरघर इतकी, पोरीला चिनी काय, स्वतःचं नावसुद्धा ऐकू यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन बिघडलं.

कसं बिघडलं ते माईने येणाऱ्या जाणाऱ्याला रंगवून सांगितलं. आत उंदीर शिरला, साधासुधा नाही, मांजराने ज्याला वाकून नमस्कार करावा असा, त्याने पट्टा खाल्ला, वर मिशा पुसून गेला. दुरुस्तीवाला यायचाय, पण तो सध्या एका राणीचं मशीन उघडून बसलाय. लोक हसायचे, काम परत न्यायचे. मोठ्या शिलाईची गिऱ्हाईकं एकेक करून समोरच्या शिंप्याकडे वळली, आणि माई जिन्याच्या पायरीवर बसून काजं-बटणं आणि तुरपाई करू लागली. सुईचा आवाज होत नाही ना… भावजय म्हणायची, माईंना आता काम नकोसं झालंय. माई म्हणायची, हो गं, आळस फार वाईट, एकदा चिकटला की निघत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो एका शब्दाने. चिनीत म्हणे ‘माइ’ असा शब्द आहे, एक सोडून दोन! आवाज खाली बुडवून वर काढला तर ‘विकत घेणे’, वरून धाडकन खाली आपटला तर ‘विकणे’. भिंगरीचं नेमकं यातच अडायचं. म्हणून ती खोलीत बसून सकाळ-संध्याकाळ घोकायची, माइ… माइ… माइ! आणि जन्मभर याच हाकेला धावलेले ते पाय! हातातली सुई पदरात खोचून माई दारात हजर. “काय गं, काय हवं?” काही नको असायचं. पुन्हा ‘माइ’, पुन्हा माई. भाऊ आधी पोट धरून हसला. भिंगरीही हसली. मग एक दिवस ती हसेनाशी झाली.

“माई, तू मुद्दाम करतेस,” ती म्हणाली. “मी जाऊ नये असंच वाटतं तुला.”

माईच्या काळजात सुईचं टोक मोडून राहिलं जणू… आणि खोटं कशाला बोला, मनाच्या एका अंधाऱ्या कोपऱ्यात तिला तसं वाटतही होतं. म्हणून तर ते इतकं लागलं! ती एवढंच म्हणाली की बरं, आता नाही येणार. संध्याकाळी कडी आली. माईनेही मनाशी गाठ मारली, आकाश कोसळलं तरी ‘माइ’ला ओ द्यायची नाही.

दुसऱ्या खेपेला भिंगरी पास झाली. आता उरली ती संगणकावरची तोंडी परीक्षा. त्या दिवशी भाऊ चष्म्याच्या दुकानात गेला, भावजय ऑफिसला. जाता जाता तिने बाहेरच्या बोळकांडात, माईच्या बंद मशीनशेजारच्या विजेच्या बोर्डापाशी, साडीवर इस्त्री फिरवली. भिंगरीच्या खोलीतला बोर्ड जळका, म्हणून तिच्या संगणकाची वायर दाराखालून इथेच यायची. भावजयीने ती काढून इस्त्री लावली, आणि परत लावायची विसरून निघून गेली. संगणकाची बॅटरी म्हातारी, वायर निघाली की मान टाकणारी.

माई पायरीवर एका कोटाची तुरपाई करत होती. आतून हाक आली, “माई!”

विकणे, माईने मनात म्हटलं, आणि टाका घातला.

“माई… माई!”

आज खरेदी-विक्री जोरात चाललीय पोरीची, असं म्हणून ती गालात हसली. दारावर थाप पडली. कडी खडखडली, पण ती नवी कडी अडकली होती, उघडेना. माईचे पाय शिवशिवत होते, पण शब्द म्हणजे शब्द. डोळे भरले, टाके वाकडे गेले, ती उठली नाही.

दारावरची थाप थांबली. आणि मग, लाजलज्जा सगळी गुंडाळून ठेवून, एवढ्याशा लेकराने संडासात बसून मारावी तशी लांबलचक हाक आली,

“माईऽऽ, झालंऽऽ!”

ही हाक कुठल्या चिनी पुस्तकात असणार? कोट कुठे पडला, बोटातलं अंगुस्तान कुठे घरंगळलं, देव जाणे. “आले, हलू नकोस!” म्हणत माई दारापाशी. आतून रडवेला आवाज म्हणाला की वायर लाव, परीक्षक बाई पडद्यावर आहेत, पडदा विझायला लागलाय. बोर्डाखाली दोन काळे प्लग लोंबत होते, सारखेच. माईने हाताला लागला तो खुपसला आणि बटण दाबलं.

घर्रर्रर्र!

बिघडलेलं मशीन धडाडून सुरू झालं! पायदानावर तिनेच बटणांचा भरलेला डबा ठेवला होता, त्याच्या भाराने सुई रिकामी नाचत सुटली. माईने दचकून प्लग उपटला, दुसरा लावला. पण जे ऐकायचं ते आत ऐकलं गेलं होतं.

दाराआड एक परका, मऊ आवाज काहीतरी विचारत होता. माई दाराला कान लावून उभी. आणि मग भिंगरी बोलू लागली… अडखळत, मग न अडखळत, मग सूत रिळावरून सुटावं तशी. माईला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. फक्त दोनदा ‘माइ’ आलं. एकदा आपटून, एकदा बुडी मारून वर आलेलं. दोन्ही वेळा माईने तोंडावर पदर दाबला, ओ दिली नाही.

बऱ्याच वेळाने आतून हळू आवाज आला, “माई, झालं.”

“खरंखुरं झालं, की तसलं?”

“खरंखुरं. बाईंनी विचारलं, आवाज कसला? मी सांगितलं, माझी आत्या कपडे शिवून विकते.” दारापलीकडे ती खाली बसल्याचं माईला कळलं. “म्हटलं, मशीन बंद ठेवून तिने माझ्यासाठी शांतता विकत घेतली. मला आत्ता कळलं. उंदीर नव्हताच ना?”

“होता तर. तू बघितला नाहीस.”

“माई, मी काय बोलले गं तुला…”

“त्यातलं अर्धं खरंच होतं. तू जाऊ नयेस असं वाटतंच मला. म्हणून वायर लावणार नव्हते की काय?”

दाराखालच्या फटीतून चार बोटं बाहेर आली. माई गुडघ्यांना शिव्या देत जमिनीवर बसली आणि तिने ती बोटं धरली. भाऊ येऊन कडी काढेपर्यंत दोघी अशाच होत्या, एक आत, एक बाहेर, मध्ये दार, आणि सोडवत नव्हतं कोणालाच.

भावाने दाराला खांदा देऊन आतली कडी उपटली आणि बहिणीच्या पायाशी बसून राहिला. त्याला माईने उठवलं. भावजयीने पायदानावरचा बटणांचा डबा उचलला, मशीनचा प्लग स्वतःच्या हाताने लावला, आणि कपाटातून आपलं नवं कापड आणून माईच्या मांडीवर ठेवलं. “सवडीने शिवा,” ती म्हणाली.

भिंगरीला वरचा वर्ग मिळाला. ती गेली. घरात मशीन दिवसभर घरघरतं, समोरच्या शिंप्याकडची गिऱ्हाईकं परत आली, उंदराची गोष्ट आता हत्तीपर्यंत पोचलीय. परवा तिकडून फोन आला, पहिल्या सहामाहीचा शेवटचा पेपर संपवून पोर थेट वर्गाबाहेरून बोलत होती.

“माईऽऽ, झालंऽऽ!”

“आले, हलू नकोस,” माई म्हणाली, आणि भावजयीने पदर धरून मागे ओढलं तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की फोन कानाला धरून आपण जिन्याच्या चार पायऱ्या उतरलोसुद्धा.