जंगलातून आणलेला भाऊ

हे मला सांगितलं आमच्या वर्कशॉपमधल्या थोरल्या सुतारानं. थापा मारणारा माणूस नाही तो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

गेल्या थंडीतला मंगळवार. दुपारचे चार. थोरला आणि त्याचा धाकटा भाऊ लाकडासाठी झाडं बघायला जंगलात शिरले. फोन, पाणी, काडेपेटी... सगळं टेम्पोत. "दहा मिनिटांचं तर काम!" म्हणे. डोंबल दहा मिनिटं!

धाकट्याला सगळे तोतऱ्या म्हणायचे. नुसतं "दादा" म्हणायला त्याला तीन धक्के लागायचे.

धुकं उतरलं आणि वाट हरवली.

वाळका पाला अंगावर ओढून, एकमेकांना चिकटून रात्र काढली. सकाळी पानांवरचं दव चाटलं. "मी पाणी शोधतो. तू इथून हलू नकोस," थोरला म्हणाला.

परत आला तेव्हा...

तोतरे दोन होते.

तोच चेहरा. तोच स्वेटर. एक दुसऱ्याच्या छातीवर बसून त्याचा गळा आवळत होता. दोघंही रक्तानं माखलेले.

"द... द... दादा, वाचव!" खालचा घुसमटला.

"हरामखोरा, माझ्या भावाला फसवतोस?" वरचा त्याच्यावर गरजला. एका दमात. एकही अक्षर न अडखळता.

थोरल्याला वाटलं, सापडलं सोंग! दगड उचलला आणि वरच्याच्या डोक्यात घातला. एकदा. दोनदा. कवटी फुटेपर्यंत. तोंडावर रक्त उडालं... गरम.

खालचा उठला आणि चालायला लागला. अर्ध्या तासात टेम्पो समोर. त्याला वाट कशी माहीत, हे थोरल्यानं विचारलंच नाही. भाऊ वाचला होता ना, बस्स.

परवा कामावर तोतऱ्याच्या अंगठ्यावर हातोडा बसला. नख उखडलं.

"ह... ह... हरामखोर..." तो कळवळला.

डबा घेऊन आलेली त्याची बायको दारातच थिजली. थोरल्याला बाजूला घेऊन कुजबुजली.

"दादा, तुमचा मान ठेवायचे, म्हणून तुमच्यासमोर ह्यांनी कधी शिवी दिली नाही. पण घरी द्यायचे, जंगलातून येईपर्यंत. आणि शिवी देताना ह्यांची जीभ... कधीच अडखळायची नाही."

एवढं सांगून थोरला हमसून हमसून रडला. माझा हात घट्ट धरला.

"मग मी कुणाला मारलं रे?"

पलीकडच्या खोलीत तोतऱ्याची करवत चालू होती.

ती थांबली...