पान्हा आटला नाही

सातकुंडीत नव्या बाजरीची पहिली भाकरी कुणीही उठून खात नाही. ती एकाच बाईनं खायची, आणि ती बाई अंगावर पाजणारी हवी. तिची ओटी भरतात, तिला पाटावर बसवतात, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतात. मग अख्खं गाव जुन्या कण्या खात तिच्या पान्ह्याची वाट बघतं. पान्हा टिकला तर रास घरोघरी वाटायची, आटला तर जाळायची. याला मान म्हणतात. मान कसला डोंबलाचा, बाईची परीक्षानळी करून ठेवलीय. पण म्हणायचं कुणी? यंदा हा मान ईश्वरी गर्जेकडे होता. तिची रेवा जेमतेम चार महिन्यांची.

हे असं का, ते आधी सांगायला हवं. उष्म्यानं राज्यातला गहू कधीच गेला, उरली बाजरी. आणि बाजरीवर अरगट पडते. ही बुरशी. कणीस फुलोऱ्यात असताना ती फुलात शिरते, कणसावर मधासारखे चिकट थेंब दिसतात, आणि पुढे त्या फुलात दाण्याऐवजी बुरशीची काळपट, कडक गाठ धरते. गाठ विषारी. पोटात गेली की उलट्या, गुंगी, आणि पाजणाऱ्या बाईचं दूध आटतं. पणजोबांच्या काळी यावर उपाय सोपा होता. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात ओतायचं. गाठ हलकी म्हणून तरंगते, दाणा जड म्हणून बुडतो. तरंगेल ते जाळायचं, बुडेल ते धुऊन, वाळवून पेरायचं. पुढे रंग ओळखणारी यंत्रं आली. काळं दिसलं की ती उडवून लावायची.

आता यात घोळ कुठे झाला बघा. एखादी गाठ जन्मतःच जरा जड असायची. ती बुडायची, दाण्यांबरोबर रानात जायची, आणि तिथे तिचीच पिलावळ वाढायची. वर्षानुवर्षं आपण हलक्या गाठी जाळल्या आणि जड गाठी हातानं पेरल्या. काळ्या उडवल्या, करड्या राखल्या. शेवटी दाण्याच्याच वजनाची, दाण्याच्याच रंगाची गाठ तयार झाली. शास्त्रज्ञ तिला अनुकारी अरगट म्हणतात, म्हणजे दाण्याची नक्कल करणारी. गावं तिला नुसतं बुडी म्हणतात. बुडीला अक्कल नाही, कावा नाही. निवड सगळी आपली. प्रयोगशाळेत दाणा दळून विष शोधता येतं, पण मूठभर दाणे दळून पाहिले म्हणून पोत्यातल्या बाकीच्यांचं काय कळणार? म्हणून मग बाईचं शरीर वापरायचं ठरलं.

कृषी खात्यातल्या बुरशीतज्ज्ञ डॉ. सुमेधा खैरनार सातकुंडीला पोचल्या, तेव्हा निकाल लागून आठवडा झाला होता. पान्हा टिकला होता. रास वाटून झाली होती, गिरणी सकाळपासून थांबली नव्हती आणि दर घरातून भाकरीचा वास येत होता. ईश्वरीच्या सासूनं, अक्षदाबाईंनी, त्यांना बसवून चहा दिला आणि कौतुक सुरू केलं. लागोपाठ तीन वर्षं राशी जाळल्या, रेशनचं किडकं खाऊन माणसं वाळली, पण यंदा सुनेनं गावाचं नाव राखलं. बियाणंच पारखून आणलं होतं, पलीकडच्या खोऱ्यातलं, जिथे पान्हा टिकला त्या राशीचं. सून धडधाकट, दूध तर वाहतंय. आणि नात लई शहाणी निघाली, आठवड्यात एकदासुद्धा रडली नाही.

सुमेधाबाईंनी कप खाली ठेवला. पोरीला जरा बघू का, असं त्यांनी विचारलं.

रेवा ईश्वरीच्या मांडीवर होती. डोळे उघडे, अंग मऊ. बाईंनी तिच्या तळपायाला टिचकी मारली, मग नखानं जोरात दाबलं. ईश्वरीच कळवळली. रेवानं पाय जरासा ओढला, बाईंकडे बघितलं आणि गप्प राहिली.

“काय झालं हो?” ईश्वरीनं विचारलं.

सुमेधाबाईंना सांगणं जिवावर आलं होतं. याच कामासाठी त्या याआधी दोन गावं फिरून आल्या होत्या. तरी त्यांनी सावकाश सांगितलं. मिठाचं पाणी ही एक चाळण होती, पान्हा ही दुसरी. दूध आटवणारी बुडी राशीबरोबर जळून गेली. दूध न आटवणारीही थोडी होतीच. तिची रास पास झाली, आणि पास झालेल्या राशीचं बियाणं गावोगाव गेलं. तिचं विष आईला काही करत नाही, ते दुधातून खाली उतरतं आणि पोराच्या मेंदूत बसतं. पोराला भूक लागते, दुखतं, पण रडूच येत नाही.

अक्षदाबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी पारखून आणलेलं बियाणं नेमकं तेच होतं. 

“बरी होईल ना पण?” ईश्वरीनं विचारलं.

“माहीत नाही. त्या दोन गावांतली पोरं अजून रडलेली नाहीत. तिला पाजू नका आता. मी पावडर आणलीय, ती पाण्यात कालवून चमच्यानं द्या.”

अक्षदाबाईंना काहीतरी करायचं होतं, काहीही. “मग मॅडम, पुढल्या वर्षीपासून पोर रडतं का तेच बघू आम्ही. गावाला तसं सांगते.”

“बघाल, तर पोराला रडू देणारी बुडी उरेल,” सुमेधाबाई म्हणाल्या. “ती मग कुठे जाऊन बसेल, मला सांगता येत नाही. आपण जिथे बघतो, तिथून ती हटते.”

“मग खायचं काय?” अक्षदाबाईंनी विचारलं.

 सुमेधाबाई गिरणी बंद करायला सांगायला उठल्या, दारापर्यंत गेल्यासुद्धा. समोरच्या ओट्यावर एक बाई लेकराला पदराखाली घेऊन भाकरी मोडत होती. गावातल्या प्रत्येक घरानं आठवडाभर तेच केलं होतं. सुमेधाबाईंना रडू आलं आणि त्याची लाज वाटली.

घरात ईश्वरीचा कुडता दुधानं ओला होत होता. पाजायची वेळ कधीच टळून गेली होती. चमचा तसाच धरून ती पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली, एकदा तरी रड म्हणून. रेवा भुकेली होती आणि काही मागत नव्हती.