पिकलेला कडा

रविवार मावळायच्या आत चढण्याजोगा कातळ सापडला तर या गावात राहायचं, नाहीतर सोमवारी जुन्या गावच्या नोकरीला होकार कळवायचा, असं वहिनीनं ठरवून टाकलं होतं. नवऱ्याच्या बदलीमुळे ती इथे आली होती. दातांच्या कवळ्या बनवणं हे तिचं काम, आणि ते तिला इथेही मिळालं असतं. पण पंधरा वर्षं दर रविवारी कातळ चढलेल्या बाईचे हात या सपाट मुलखात नुसते शिवशिवत होते. नवरा म्हणाला, "तू ठरव. मी अडवणार नाही."

अडवणारी वेगळीच होती. तिची धाकटी नणंद. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून घरात सगळे तिला टिटवी म्हणत. आपण होऊन कातळावर लोंबकळणं हा तिच्या मते शुद्ध वेडेपणा होता. पण वहिनीवर तिचा जीव जडला होता आणि ती जायला नको होती, म्हणून स्वारी मोहिमेत सामील झाली. वहिनीनं आठ दिवस जिन्यात उभं करून तिला दोर धरायला शिकवलं. हात सुजले, पण टिटवी शिकली.

शोधाची पद्धत वहिनीच्या अंगवळणी पडलेली होती. उपग्रहानं सकाळी टिपलेली चित्रं घ्यायची आणि जिथे लांब सावली पडलेली दिसेल तिथे कडा असणार असं धरून चालायचं. पहिली सावली निघाली पाण्याच्या टाकीची. दुसरी, खडीच्या ढिगाऱ्याची. तिसऱ्या सावलीपाशी कुत्री मागे लागली आणि दोघींना अर्धा कोस पळावं लागलं! धापा टाकत टिटवी म्हणाली, "वहिनी, एवढं धावायचंच होतं तर घराजवळ मैदान होतं की."

मग वहिनीनं नकाशा गुंडाळला आणि दगडाचं दगडवाल्याला विचारायचं ठरवलं. गावाबाहेर ताडपत्रीखाली एक म्हातारा पाथरवट पायरी घडवत बसला होता. भुवयांवर धूळ साचलेली.

"काका, इकडे उभा कडा आहे का कुठे?"

"आहे की. नदीच्या वळणावर. पण पिकलाय तो."

वहिनीचा चेहरा खुलला. चढणाऱ्यांच्या बोलीत पिकलेला कातळ म्हणजे शेकडो हात फिरलेला, सैल दगड केव्हाच झडून गेलेला, डोळे मिटून भरवसा ठेवावा असा. "कधीपासून पिकलाय?"

"माझ्या वडलांच्या वेळेपासून पिकतोय."

एवढं ऐकल्यावर ती थांबते कशाला! पाथरवटाच्या तोंडचा 'पण' तिच्या कानांपर्यंत पोचलाच नाही.

काटेरी झुडपांतून वाट काढत, कमरेएवढ्या पाण्यातून नदी ओलांडत दोघी रविवारी दुपारी कड्यापाशी पोचल्या. साठ फूट उंच, तांबूस, पकडींनी भरलेला. मागच्या चढणीनं माथ्यावर जाऊन वहिनीनं एका जाड झाडाला कडी बांधली, तिच्यातून दोर ओवून दोन्ही टोकं खाली सोडली. एक टोक स्वतःच्या कमरपट्ट्याला. दुसरं टिटवीच्या पट्ट्यावरच्या अडकडीतून तिच्या हातात.

वहिनी चढू लागली. एरवी ती प्रत्येक पकड मुठीनं ठोकून, आवाज ऐकून मगच तिच्यावर भार टाकी. पण पिकलेल्या कातळाला कोण ठोकतंय? दहा फूट, वीस फूट, तीस! दंड भरून आले, तशी मजा वाढली. खालून टिटवीची बडबड चालूच होती.

उजवीकडे कपाटाएवढा एक दगड पुढे आला होता. वहिनीनं त्याची कड पकडून अंग वर खेचलं.

दगड हलला.

कर्रर्र असा आवाज झाला. मागे बोटभर फट पडली. वहिनीनं खांदा लावला, पाय रोवले, दगड रेटून धरला. धूळ डोळ्यांत गेली. खाली नेमकी त्याच रेषेत टिटवी उभी! वहिनीनं खांदा काढला तर टिटवी चिरडणार. टिटवी दोर टाकून पळाली तर वहिनी तीस फूट खाली.

"टिटवे, वर बघू नकोस. दोर घट्ट धर आणि डावीकडच्या झाडाकडे एक पाऊल टाक."

बडबड थांबली.

"आता थोडा दोर सैल सोड. शाब्बास. अजून एक पाऊल."

एक पाऊल. वीतभर दोर. एक पाऊल. वीतभर दोर. खांदा जळत होता. फट दोन बोटांची झाली!

"वहिनी, झाडामागे आले. धरलंय तुला."

वहिनीनं खांदा काढला. धडाड्! दगड तिच्या पोटऱ्या खरवडत गेला आणि टिटवी मघाशी उभी होती तिथली जमीन फोडून थांबला. वहिनी दोरावर झुलली, कातळावर आपटली, पुन्हा झुलली. पण दोर एक वीतही सुटला नाही.

खाली उतरल्यावर तिनं वर पाहिलं. उरलेले तीस फूट चढणं तिला सहज जमलं असतं. मग तिनं टिटवीचे हात पाहिले. ते अजून दोर घट्ट धरून होते. वहिनीनं दोर ओढून घेतला, गुंडाळला, आणि त्या कड्याचा नाद सोडला.

परतीच्या वाटेवर तिनं पाथरवटाला गाठलं. "काका, तुम्ही तर म्हणालात पिकलाय."

"मग? पिकलेला दगड हात लावला की सुटतो. तेच सांगत होतो, तर तुम्ही निघूनसुद्धा गेलात." त्यानं तिच्या पोटऱ्यांकडे पाहिलं आणि तो वरमला. "न सुटणारा हवा होता होय? तसले मेले मागे पडलेत की. तीन पिढ्या शिव्या घालतोय आम्ही त्यांना. छिन्नी लावली की छिन्नी मोडते."

ताडपत्रीमागच्या टेकाडापलीकडे वाळूत चाळीसेक धोंडे पसरले होते. काळेभोर, माणसाच्या दुप्पट उंच. वहिनीनं मूठ ठोकली. खणखणीत! दुसरा ठोकला, तिसरा ठोकला, मग मात्र तिला राहवेना. पहिल्या धोंड्यावरून ती तीनदा वाळूत पडली आणि चौथ्यांदा माथ्यावर जाऊन बसली.

टिटवी खाली उभी राहून रडत होती. कड्याखाली ती रडली नव्हती.

"अगं, आता काय झालं?"

"तू राहणार," टिटवी म्हणाली. "पण या धोंड्यांसाठी. मी नुसती दोर धरायला. आणि इथे तर दोरही लागत नाही."

वहिनी उतरून तिच्याजवळ आली. "दोर लागत नाही, खरंय. पण पडताना खाली सावरायला माणूस लागतं. आज तुझ्या हातांमुळे मी जिवंत राहिले, टिटवे. आता दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी पाय उचलणार नाही."

टिटवीनं नाक पुसलं. मग ती बोलायला लागली, आणि घर येईपर्यंत थांबली नाही.