ढाण्या, म्हशी आणि लहान गोळा

दार सताड उघडं आहे. आत जायला मनाई नाही, तिकीट नाही, उलट दारावर ‘या, बसा’ असं लिहिलेलं आहे. तरी वर्षानुवर्षं एकही नवा माणूस आत येत नाही. असं का व्हावं?

संगणकशास्त्रज्ञ डॉक्टर वामन केळशीकरांना हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. शेवटी ते सुटलं आंबेदऱ्याच्या धनगरवाड्यावर, झोऱ्यांच्या अंगणात. तिथे ते घामाघूम होऊन बसले होते आणि त्यांच्या शेजारी ढाण्या उभा होता.

ढाण्या हा चार पायांचा रोबो. नाव वाघाचं, काळीज मात्र सशाचं! तालुक्याच्या दवाखान्यातून डोंगरावरच्या वस्त्यांना औषधं पोचवायची, हे त्याचं काम. पण आंबेदऱ्याच्या खिंडीत आला की तो थबकायचा, “पुढे दरड कोसळत आहे. मी परत जात आहे,” असं गंभीरपणे सांगायचा आणि औषधांसकट माघारी फिरायचा. आज केळशीकर त्याला हाताने चालवत वर घेऊन आले, तेव्हा कुठे तो पोचला.

बारा वर्षांच्या झेलम झोरेला मात्र हे गमतीचं वाटत नव्हतं. तिच्या धाकट्या भावाला, बिरूला, रोज इन्सुलिन लागायचं. एरवी आई डोंगर उतरून ते आणायची. पावसाळ्यात मधला ओढा भरला की माणसाची वाट बंद व्हायची. ढाण्या ओढ्यावर बांधलेल्या तारेला लटकून पलीकडे जाऊ शकत होता. म्हणूनच पावसाआधी ढाण्या शहाणा व्हायला हवा होता.

“आजोबा, ती दरड नाही, आमच्या म्हशी आहेत,” झेलम म्हणाली. “काळं, मोठं काहीतरी डोंगरावर हललं, की लागला हा पळायला!”

“मग दुरुस्त कर की!” केळशीकर आजोबा हसून म्हणाले. “ढाण्याला चालवणारी ‘घाटवाट’ मी आणि माझ्या दोन मित्रांनी लिहिली. ती मुक्त आज्ञावली आहे (म्हणजे असं सॉफ्टवेअर, की ज्याचं आतलं लिखाण कुणीही वाचावं, वापरावं आणि सुधारावं). आम्ही तिघंही आता सत्तरीपार. आमच्यानंतर तिला कुणी वाली नाही. दार उघडं आहे, बाळ.”

“दार उघडं असेल, पण उंबरठा केवढा उंच आहे!” झेलम फणकारली. “महिनाभर धडपडतेय मी. प्रश्न विचारला, तर उत्तर आलं, ‘आधी जुनी चर्चा वाचा.’ वाचायला गेले, तर ती चर्चा माझ्या जन्माआधीपासून चाललेली!”

आजोबांचा विश्वास बसेना. “सूचना तर अगदी सोप्या आहेत. दाखव बघू, कुठे अडतं ते.”

“दाखवते. पण तुम्ही मध्ये बोलायचं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट!”

आजोबांनी खरोखरच घडी घातली. फोनच्या पडद्यावर त्यांचे दोन्ही साथीदार आले, नागपूरच्या कुंदाआजी लेले आणि मिरजेचे बशीरचाचा मुजावर. त्यांनाही तोच हुकूम मिळाला. तीन नामवंत शास्त्रज्ञ तोंडावर बोट ठेवून बसले आणि बिरू खुदुखुदु हसू लागला.

झेलमने संगणक उघडून पहिली सूचना मोठ्याने वाचली. “‘घाटवाट नेहमीप्रमाणे चालू करा.’ नेहमीप्रमाणे म्हणजे कसं? मी तर आजच आलेय!”

कुंदाआजींचा चेहरा पडला. ते वाक्य त्यांचंच होतं.

दुसरी सूचना जमली. तिसरीला लालभडक खूण उमटली. झेलमने ती पुन्हा केली, पुन्हा लाल. बशीरचाचांना राहवेना. त्यांनी बोट काढलं, झेलमने डोळे वटारले, बोट परत जागेवर. पण तोवर आजोबांच्या ध्यानात आलं होतं. दोन सूचनांच्या मध्ये नकाशांची फाईल उतरवून घ्यावी लागते. ती त्या तिघांच्या संगणकांवर कधीपासूनच होती, म्हणून ती पायरी लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

“आणि सोपी कामं कुठे आहेत?” झेलमने विचारलं. “नव्या माणसाने सुरुवात करायची कशावर?”

“ती मी सकाळच्या चहाबरोबर उरकून टाकतो,” बशीरचाचा अभिमानाने म्हणाले. “एकही शिल्लक ठेवत नाही!”

“चाचा, माझी आई भाकरी थापते ना, तेव्हा शेवटचा लहान गोळा माझ्यासाठी राखून ठेवते. तिला तो थापायला कितीसा वेळ लागणार? पण मग मला भाकरी कधी येणार? तुमच्यात लहान गोळा ठेवत नाहीत?”

बशीरचाचांनी आपणहून तोंडावर बोट ठेवलं. या वेळी हुकमाची गरज नव्हती.

“आपण दार उघडं ठेवलं आणि समजलो, झालं आपलं काम,” आजोबा हळूच म्हणाले. “आत आलेल्याला पाट मांडायलाच विसरलो!”

त्या दुपारी कुंदाआजींनी सगळ्या सूचना नव्याने लिहिल्या. बशीरचाचांनी हातातली सोपी कामं खाली ठेवली आणि त्यांवर ‘नव्यांसाठी राखीव’ अशी खूण केली. प्रत्येक नव्या माणसाला एक जुना सोबती द्यायचं ठरलं. झेलमचे सोबती झाले बशीरचाचा.

मग तिने आपली दुरुस्ती लिहिली: काळं, मोठं, हलणारं काही दिसलं, तर ढाण्याने पळू नये, उभं राहावं. आभासी चाचणीत (म्हणजे खऱ्या रोबोऐवजी पडद्यावरच्या चित्रातल्या रोबोवर घेतलेल्या परीक्षेत) म्हशी सुखरूप गेल्या. नंतर खरी दरड आली आणि चित्रातला ढाण्या मुकाट्याने तिच्याखाली गाडला गेला. झेलमच्या डोळ्यांत पाणी आलं.

बशीरचाचांनी सवयीने तिच्या दुरुस्तीखाली लिहायला घेतलं, ‘चूक आहे. आधी जुनी...’ ते थांबले, सगळं पुसलं आणि लिहिलं, “अर्धं बरोबर आहे, बेटा. दरड आणि म्हैस, फरक कसा ओळखशील?”

झेलम उतारावर चरणाऱ्या म्हशींकडे बघत राहिली. एक म्हैस खाली गेली, थांबली, रवंथ करत परत वर चढली. झेलम ताडकन उठली.

“दरड कधी वर चढत नाही!”

तेवढंच लिहायचं होतं. काही क्षण दूर उभं राहून बघ. जे थांबतं, वळतं, वर चढतं, ती दरड नव्हे. चाचणी हिरवी झाली. तिन्ही शास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याने ढाण्या एकटाच खिंडीत आला. समोरून म्हशींचा तांडा उतरत होता. वाड्यावरची सगळी माणसं श्वास रोखून बघत होती. ढाण्या बाजूला झाला आणि उभा राहिला. एका म्हशीने त्याला हुंगलं, दुसरीने त्याच्या पाठीला अंग घासलं. त्या पुढे गेल्या, तसा तो टकटक करत वर चढला आणि झोऱ्यांच्या अंगणात येऊन म्हणाला, “बिरू झोरे यांचं औषध.” बिरूने त्याला मिठी मारली. आईने पदर डोळ्यांना लावला, आणि झेलम तर आनंदाने नाचलीच!

पावसाळाभर ढाण्याची एकही फेरी चुकली नाही. दिवाळीपर्यंत घाटवाटेवर जव्हारची, चिखलदऱ्याची, तोरणमाळची मुलं आली. कुणी अडखळलं की जुनी मंडळी रागवत नसत. आपला कुठला उंबरठा उंच राहिलाय, ते तपासत.

एका सकाळी झेलमला एक चूक दिसली. ढाण्या ‘डावीकडे’ म्हणून उजवीकडे वळत होता. पाच मिनिटांचं काम! तिची बोटं शिवशिवली. मग ती स्वतःशीच हसली, ‘नव्यांसाठी राखीव’ अशी खूण केली आणि हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून वाट बघत बसली.