एडमंडचे सात कुत्रे

"लॅक्लन! एडमंडचं नाव पिवळ्या रंगात काढायला कुणी सांगितलं तुला?" ब्रिजेट ओरडली. "खापरपणजोबा आहेत ते आपले, केळं नाही!"

"सोनेरी संपला," ब्रश झटकत लॅक्लन म्हणाला. "आणि फोटोत बघ ना, चेहरा तसाही आंबटच आहे!"

टेस खो खो हसली.

सप्टेंबरची सुट्टी होती. आजूबाजूच्या फडांना तोडणीआधी आगी लावणं चालू होतं आणि उसाच्या जळक्या पात्यांची राख उडून ओल्या रंगावर बसत होती. रविवारी रॅन्सम घराण्याचा मेळावा भरणार होता. क्वीन्सलंडच्या या किनाऱ्यावर जंगल तोडून पहिला ऊस लावला तो एडमंड रॅन्समने. त्याचे सगळे वंशज येणार, म्हणून क्लाइव्हकाकांनी पुतण्या-पुतणीला भल्यामोठ्या फळीवर वंशावळ रंगवायला बसवलं होतं. बारा वर्षांच्या ब्रिजेटला एडमंडचा कोण अभिमान! तिच्या धाकट्या भावाला, लॅक्लनला, कशाचाच नव्हता. टेस मालो शेजारच्या गावातली. दोघींची मैत्री समुद्रावरची, या घरात ती आज पहिल्यांदाच आली होती.

क्लाइव्हकाका चहाचा मग घेऊन व्हरांड्यात आले. हातातली सिगारेट त्यांनी एका मोठ्या शिंपल्याच्या खाचेत टेकवली.

"फोटोत त्यांनी डावा हात कोटात लपवलाय, दिसतंय ना?" दर मेळाव्याला सांगायची गोष्ट त्यांनी आजही काढली. "लहानपणी कुत्र्याने दोन बोटं तोडली! तेव्हापासून कुत्रा दिसला की बंदूक. जन्मात एक कुत्रं फाटकाच्या आत येऊ दिलं नाही त्यांनी." मग ते उठले. "बरं, उद्या सकाळी आंब्याखालची जागा सपाट करतोय. पाहुण्यांच्या गाड्या लावायला हवी."

"पण काका, तिथे एडमंडच्या कुत्र्यांच्या कबरी आहेत! सात!" ब्रिजेट म्हणाली.

दर सुट्टीत ब्रिजेट त्यांच्यावर फुलं ठेवायची. तिने त्यांना नावंसुद्धा दिली होती, रेक्स, ब्रूनो, डस्टी.

"थांबा, थांबा!" लॅक्लनने ब्रश वर केला. "कुत्रं फाटकातून आत येत नव्हतं ना? मग हे सात काय पॅराशूटने उतरले?"

काकांचं हसू मावळलं. "जुन्या गोष्टी आहेत. त्यात खुसपटं काढायची नसतात. रंगवा मुकाट्याने!"

ते आत गेले. ब्रिजेट हसायला वळली, तर टेस हसत नव्हती. ती शिंपल्याकडे बघत होती.

"हा कुठून आणला यांनी?"

"कुत्र्यांच्या कबरींवरून. काका लहान होते तेव्हा. का गं?"

"याच्या कडेला तीन खाचा आहेत," टेस हळूच म्हणाली. "मला ती जागा दाखव. आत्ता!"

आंब्याखाली वाळकं गवत माजलं होतं. तिघांनी ते हातांनी उपटायला सुरुवात केली. खाली दडलेले प्रवाळाचे पांढरे तुकडे दिसू लागले. प्रत्येक उंचवट्याच्या दोन टोकांना एकेक, आणि मधे कडेने बारके.

"बघा हं, मी ब्रूनो!" म्हणत लॅक्लन एका उंचवट्याशेजारी आडवा झाला. "भो भो!"

कुणी हसलं नाही. त्याच्या पायांच्या पुढेही उंचवटा बराच उरला होता. लॅक्लनने मान उचलून तो पाहिला आणि टुणकन उठून अंग झटकायला लागला.

"एवढा मोठा कुत्रा नसतो," तो म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता.

"माझ्या आजीच्या आजोबांना दूर पॅसिफिकमधल्या मालो बेटावरून पळवून आणलं होतं," टेस म्हणाली. "कापड दाखवायला जहाजावर बोलावलं आणि जहाज हाकारलं. इथे ऊस तोडायला लावला. तापाने माणसं मेली की शेतातच पुरायची, ना नाव, ना नोंद. आजीचे वडील तेव्हा लहान होते. त्यांनी एका शिंपल्याला दगडाने तीन खाचा पाडल्या आणि तो आंब्याखाली पुरलेल्या बापाच्या डोक्याशी पालथा ठेवला. पुढे त्यांना मळ्यावरून हाकललं. आजी जन्मभर आंबा असलेला मळा शोधतेय. तुझ्या काकांनी तिला फाटकावरूनच परत पाठवलंय, ब्रिजेट. एकदा नाही, कितीदा तरी! मी तुला बोलले नाही, कारण तू माझी मैत्रीण होतीस."

माणसांच्या उशाशी बसून ब्रिजेट इतकी वर्षं 'डस्टी, डस्टी' करत होती. तिला भयंकर लाज वाटली. आणि त्याहून जास्त राग आला.

"उद्या सकाळी आजीला घेऊन ये," ती म्हणाली. "फाटक कसं उघडायचं ते मी बघते."

"काका ऐकणार आहेत होय आपलं?" लॅक्लन म्हणाला.

"ऐकणार नाहीत. पण पैज म्हटली की त्यांना राहवत नाही!"

सकाळी काका ट्रॅक्टर घेऊन आले, तेव्हा दोघं भावंडं वाटेत उभी होती.

"व्हा बाजूला! काय खेळ मांडलाय?"

"पैज लावता, काका?" ब्रिजेटने दात दाखवले. "एडमंडचा सगळ्यात मोठा कुत्रा तुमच्यापेक्षा उंच होता!"

"माझ्यापेक्षा? हॅ!" काका गडगडून हसले. "शेतात सहा फुटी एक मीच!"

"मग झोपून दाखवा! हरलो तर मेळाव्याची सगळी भांडी आम्ही घासू."

"मी नाही, ही घासेल!" लॅक्लन म्हणाला.

काका हसतच उतरले, टोपी काढली आणि कडेच्या उंचवट्यालगत पाठ टेकली. वरचा पांढरा तुकडा त्यांच्या डोक्याशी आला. त्यांनी मान उचलून पायांकडे बघितलं. खालचा तुकडा त्यांच्या टाचांच्या किंचित पुढे होता.

हसू थांबलं. काका तसेच पडून राहिले. मग कोपरावर उठून त्यांनी शेजारचा उंचवटा पाहिला, त्याच्या पलीकडचा पाहिला.

"काका, कुत्रा होता का हा?" ब्रिजेटने विचारलं.

त्यांनी टोपी उचलली, पण डोक्यावर घातली नाही. "माझे आजोबा 'एडमंडचे कुत्रे' म्हणायचे आणि हसायचे. मोठी माणसं सगळी हसायची. मग मीही हसायचो. का हसतात, ते कधी विचारलंच नाही."

फाटकाशी टेस उभी होती. तिच्या हाताला धरून एक वाळलेली, ताठ म्हातारी. टेसची ऑल्गाआजी! आजी आत येत नव्हत्या. सवयीने बाहेरच थांबल्या होत्या.

काका उठले. त्यांनी जाऊन फाटक उघडलं, पण आजींच्या नजरेला नजर देणं त्यांना जमेना. "आजी तो तीन खाचांचा शिंपला शोधतेय," टेस म्हणाली. काका भरभर घरात गेले. नळाखाली बराच वेळ काहीतरी घासल्याचा आवाज येत राहिला. परत आले तेव्हा शिंपला स्वच्छ पांढरा झाला होता, फक्त तीन खाचांत सिगारेटचे पिवळे डाग राहिले होते.

"घासून जात नाहीत," ते म्हणाले. "मला माफ करा, बाई."

आजींनी खाचांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "माफीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "हा कुठून उचललात, ते दाखवा आधी."

काकांनी बोट केलं. ते आत्ता झोपले होते तीच जागा. आजी गुडघे टेकून बसल्या, त्यांनी शिंपला उशाशी पालथा ठेवला आणि आपल्या आजोबांचं नाव घेतलं, "टोमा." मग त्या मोठ्याने रडल्या. टेसही रडली. लॅक्लन आंब्याच्या खोडाआड जाऊन नाक पुसत राहिला.

थोड्या वेळाने आजींनी ब्रिजेटला जवळ बोलावलं. "तूच विचारलंस ना?"

"पहिल्यांदा लॅक्लनने, आजी. मी... मी यांना कुत्र्यांची नावं ठेवली होती."

"माहीत आहे. टेसने सांगितलं." आजींनी तिचा हात धरला. "पण फुलं तूच ठेवत होतीस. शंभर वर्षांत या घरातल्या कुणी विचारलं नव्हतं ते तुम्ही पोरांनी विचारलंत. शाबास!"

"आणि बाकीचे सहा कोण, आजी?"

"ते मला नाही ठाऊक, बाळ. त्यांचीही कुणी माणसं असतील, शोधत असतील."

रविवारी पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावरच थांबल्या. माणसं उन्हातून चालत आली आणि कुरकुरली. वंशावळीची फळी व्हरांड्यात नव्हती, क्लाइव्हकाकांनी ती आंब्याला टेकवून ठेवली होती. एडमंडच्या पिवळ्या नावाशेजारी लॅक्लनने जागा रंगवून कोरी केली होती आणि ब्रिजेटने तिथे 'टोमा' लिहिलं होतं. त्याच्याखाली सहा ओळी रिकाम्या होत्या.

"मग कुत्र्यांची ती गोष्ट होऊ दे की, क्लाइव्ह!" कुणीतरी हसत म्हणालं.

"सांगतो," काका म्हणाले. "पण आज कुणी हसायचं नाही."